सोमवारचा पेला

अमेरिकेतल्या होलियोक गावात टेकडीवर थॅकर संग्रहालय आहे. कागदगिरणीच्या मालकाने ते स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वस्तूंसाठी आणि बहुतेक स्वतःलाच बघायला बांधलं. खाली कालव्याकाठच्या गिरण्या कधीच्या बंद पडल्या. तिथे राबायला पोर्तो रिको बेटावरून आलेल्यांची नातवंडं आता केस कापतात, बस चालवतात, दवाखान्यात रक्त काढतात. थॅकरसाहेब मात्र अजून तळमजल्यावर तैलरंगात उभे आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे, हा कामावर उशिरा आलाय, अशा नजरेने बघतात.

त्यांच्यासमोर प्रोविदेंसिया कोर्देरो चोवीस वर्षं आणि आठ महिने उभी होती. गावाची दोन्या प्रोवी, म्हणजे प्रोवीबाई. काम पहारेकऱ्याचं. निळा कोट, छातीवर बिल्ला, कमरेला वॉकीटॉकी. कुणी चित्राच्या फार जवळ गेलं की खाकरायचं, त्याने नाही भागलं तर "जरा मागे व्हा" म्हणायचं. ती आणखी एक गोष्ट करायची, जी नियमात नव्हती. कुणी एखाद्या रटाळ चित्रापुढे फार वेळ घालवताना दिसलं की हळूच सांगायची, "हे सोडा, पुढच्या दालनात बरं आहे." तिचा सल्ला सहसा चुकत नसे.

थॅकरमध्ये पहारेकऱ्याला खुर्ची नाही. बसलेला माणूस झोपलेला दिसतो, असं म्हणे पाहणीत आढळलं होतं. पाहणी अर्थातच बसून केलेली. नवव्या वर्षी एकदा पाय भोपळ्यासारखे सुजले तेव्हा प्रोवी दोनशे वर्षांच्या एका बाकावर पाच मिनिटं टेकली. त्या बाकावर थॅकर घराण्याच्या चार पिढ्या बसून गेल्या होत्या आणि बाकाचं काही वाकडं झालं नव्हतं. प्रोवी बसली आणि तिला लेखी समज मिळाली. अशा तीन समजा झाल्या की घरी. एप्रिलअखेर पंचवीस वर्षं भरली की पुरं पेन्शन, आणि एक दिवस जरी आधी गेलं तरी अर्धं. प्रोवीने तेव्हाच कानाला खडा लावला, आणि सोळा वर्षं तो कानातून काढला नाही.

खालच्या फ्लॅट्स नावाच्या वस्तीत ती दोन खोल्यांत एकटी राहायची. एकटी म्हणजे, नवरा एलादियो फ्रिजवर होता. फोटोत. लिफाफ्यांच्या कारखान्यातला कामगार, गळा गोड, जीभ त्याहून गोड. अनोळखी बाई दिसली की तीन मिनिटांत तिचं नाव काढून घ्यायचा, पाचव्या मिनिटाला तिच्या आईचं. यावरून संसारात भांडी किती आपटली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आठ वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून दर सोमवारी प्रोवी त्याच्या फोटोपुढचा पेला उचलायची, आठवड्याचं शिळं पाणी दाराबाहेर फेकायची, पेला घासून ताजं भरायची आणि बोटाने वर क्रूस काढायची. "घे," म्हणायची. "जिवंतपणी रमशिवाय काही घशाखाली उतरत नव्हतं, आता गुमान पाणी पितोस." गेलेल्या माणसाला तहान लागते, हे तिच्या आईने तिला सांगितलं होतं. आईला तिच्या आईने. यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं.

डिसेंबरात संग्रहालयाला अचानक गाव आठवलं. 'ना इथले, ना तिथले' नावाचं मोठं प्रदर्शन लागलं. बेटांवरून आणि दक्षिणेकडून आलेल्यांची, देशोदेशी विखुरलेल्यांची अकरा मुलं-मुली, सगळी मोठमोठ्या कलाशाळांत शिकलेली. एकाने साखरेचा कोयता केला होता. एकीने मोटारीचं बॉनेट मण्यांनी मढवलं होतं. एका पडद्यावर एक माणूस चार तास भात खात होता. त्याला पहिल्यांदा बघून प्रोवीला वाईट वाटलं होतं, कारण सोबत डाळ नव्हती.

आणि कोपऱ्यात यारित्झा बेरिओसची खोली होती. यारित्झा एकोणतीस वर्षांची, शेजारच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरची मुलगी. तिने जुन्या पोर्तो रिकन घराचा दिवाणखाना जशाच्या तसा उभा केला होता. प्लास्टिकचं कव्हर घातलेला सोफा, कोंबड्याचं कॅलेंडर, बंद टीव्ही, आणि कपाटावर एका बाईचा काळापांढरा फोटो. पन्नाशीची, कानात छोटे डूल, ओठ आता काही तरी बोलणार असे. फोटोपुढे पाण्याचा पेला. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं होतं की प्रदर्शनाच्या पाच महिन्यांत हे पाणी हळूहळू आटेल, कारण स्थलांतर म्हणजे विसरणं. कलाकृतीचं नाव 'विसर'.

ही पाटी प्रोवीने वाचली नाही. चोवीस वर्षांत तिने एकही पाटी वाचली नव्हती. तिचं मत होतं की जे चित्र स्वतः बोलत नाही त्याच्या वतीने भिंतीने बोलू नये.

सोमवारी संग्रहालय बंद असतं आणि एकच पहारेकरी फेऱ्या मारतो. डिसेंबरच्या तिसऱ्या सोमवारपासून ती पाळी प्रोवीला मिळाली. पहिल्याच दिवशी ती कपाटापुढे आली आणि थबकली. पाणी बोटभर खाली गेलेलं, त्यावर धूळ, धुळीत एक मेलेली माशी. पुढे काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही, कारण ते डोक्याने केलेलं नव्हतंच. हाताने पेला उचलला, पायांनी मागच्या दारी नेला. पाणी बर्फात भिरकावलं गेलं. पेला घासून, भरून, क्रूस काढून जागेवर ठेवला गेला. मग तिला एकदम आठवलं की आपण घरी नाही, कामावर आहोत. ती घाबरली. पण फोटोतल्या बाईकडे बघितलं आणि तिला बरं वाटलं. पुढच्या सोमवारीही तिने पाणी बदललं, आणि त्याच्या पुढच्याही.

प्रदर्शन मांडणाऱ्या मिस व्हिटलॉक दर शुक्रवारी बारकी पट्टी घेऊन पाण्याची उंची मोजायच्या. पाणी आटेना. एका आठवड्यात तर वाढलं. व्हिटलॉकबाईंनी हवेतल्या दमटपणाला दोष दिला आणि हवा कोरडी करणारी दोन मोठी यंत्रं आणवली. यंत्रांनी रात्रंदिवस हवा शोषली. पेला भरलेलाच राहिला, पण शेजारच्या दालनात थॅकरसाहेबांच्या नाकावरचा रंग पोपडे धरून खाली पडला. एका वर्तमानपत्रात कुणी लिहिलं, की न आटणारं पाणी हा वसाहतवादाला दिलेला नकार आहे. प्रोवी हे सगळं उभ्या उभ्या बघत होती. तोंडावरची रेषा हलत नव्हती.

शेवटी कॅमेरा लावला. फेब्रुवारीत तिला वर बोलावलं.

खोलीत तिघी होत्या. व्हिटलॉकबाई, यारित्झा आणि पडद्यावर प्रोवी, पाठमोरी, हातात पेला.

"मिसेस कोर्देरो," व्हिटलॉकबाई म्हणाल्या, "तुम्ही नऊ वेळा कलाकृती नष्ट केलीत."

"मी नऊ वेळा पाणी भरलं," प्रोवी म्हणाली.

यारित्झाचा चेहरा लाल झाला होता. "दोन्या, ते आटायलाच हवं होतं. तेच तर काम आहे. पाणी आटतं, आपण विसरतो."

"कोण विसरतं? तू विसरतेस. त्यात त्या बाईचा काय दोष? तुझी आजी ना ती?"

"आजी म्हणजे... प्रतीक म्हणून आजी."

"म्हणजे?"

"म्हणजे फोटो मी जुन्या बाजारातून आणला. फ्रेमसकट दोन डॉलरला."

प्रोवीने छातीवर क्रूस काढला. "मग ही कोण? नाव काय हिचं?"

"माहीत नाही."

"आणि तुझी खरी आजी?"

"एर्मिनिया आजी फ्लोरिडात असते, किसिमीला. बिंगो खेळते." यारित्झाने मान खाली घातली. "मी तिलाच फोटो मागितला होता. म्हणाली, मी अजून मेले नाहीये, मला कपाटावर बसवू नकोस."

"शहाणी बाई आहे," प्रोवी म्हणाली. "आणि तू? कुणाच्या तरी मेलेल्या बाईला बाजारातून उचलून आणलंस, अनोळखी घरात बसवलंस, वर लोकांदेखत तहानेने मारतेस? आपल्याकडे पाहुण्याला असं ठेवतात का गं पोरी?"

व्हिटलॉकबाईंनी कागद पुढे सरकवला. दुसरी लेखी समज. यापुढे मी 'विसर'ला, त्यातल्या पेल्याला, पाण्याला हात लावणार नाही. प्रोवीने सही केली. एप्रिलअखेरीला अडीच महिने होते. तिला वरच्या मजल्यावर हलवण्यात आलं, थॅकरबाईंच्या चांदीच्या चमच्यांवर पहारा द्यायला. एकशे चाळीस चमचे, आणि बघायला कुणी नाही.

तिला खरंच दुःख झालं होतं. समजेचं नाही, त्या बाईचं. एलादियोला निदान ती होती. तिला स्वतःला उद्या पाणी ठेवायला पुतणी तरी असेल. हिचं घर मोडलं, कपाट विकलं गेलं, फोटो दोन डॉलरला गेला, नाव सांगायलासुद्धा कुणी उरलं नाही. आणि आता संग्रहालयात बसून, दिव्याच्या झोतात, ती पेला रिकामा होताना बघत होती.

हे तिने चेफाला सांगितलं, हीच तिची चूक म्हणायची तर चूक. दोन्या चेफाचं हाय स्ट्रीटवर केस रंगवायचं दुकान. तिथे सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये पोचते, आणि फादरच्या आधी.

"तुला हात लावायची बंदी आहे ना?" चेफा प्रोवीच्या डोक्यावर रंग थापत म्हणाली. "मी काही सही केलेली नाही."

"चेफा, माझं पेन्शन आहे."

"तू चमचे सांभाळ. रविवारी गावकऱ्यांना फुकट असतं ना?"

"चोवीस वर्षं झाली फुकट आहे. आलीस का कधी?"

"आजवर आमचं कोण होतं तिथे बघायला?"

रविवारी चर्चमधली प्रार्थना संपली आणि सात बायका टेकडी चढून आल्या. चर्चचे कपडे, अत्तराचा घमघमाट, प्रत्येकीच्या पर्समध्ये पाण्याची बाटली. त्या दालनावर डनलीवी होता, पहारेकऱ्यांचा मुख्य. आयरिश माणूस, आजी हयात असेपर्यंत घरच्या दाराशी तीर्थाची वाटी बघत वाढलेला. त्याने बायकांकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं आणि छतावरचं नक्षीकाम अभ्यासायला घेतलं. तासभर त्याने मान खाली केली नाही.

पुढच्या रविवारी चाळीसजण आले, त्याच्या पुढच्या रविवारी दोनशे. नुसतं पाणी राहिलं नाही. कुणी काळी कॉफी ठेवली, कुणी ओल्या तुरीच्या भाताचा डबा. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या भावाचा फोटो बाईशेजारी टेकवला, तिला सोबत म्हणून. व्हिटलॉकबाईंची पंचाईत झाली. सहा वर्षं त्या गावाने संग्रहालयात यावं म्हणून सभा घेत होत्या, पत्रकं छापत होत्या. आता गाव आलं होतं आणि कलाकृतीत जेवण मांडत होतं. हाकलावं तर बातमी, राहू द्यावं तर दुसरी बातमी. त्यांनी यारित्झाला फोन केला.

यारित्झा मार्चमधल्या एका रविवारी तरातरा आली. खोलीत शिरताच ओरडायला तोंड उघडलं, पण चेफाने तिला मिठीच मारली.

"अगं माझ्या बाळा! तू नात ना? काय गं सोन्यासारखी आजी तुझी! जीव तुटला बघ."

मग दुसरीने मिठी मारली, मग तिसरीने. रांगच लागली. जुन्या बाजारातून आणलेल्या फोटोची हकीगत प्रोवीने चेफाला सांगितली होती, पण चेफाच्या तोंडून गावभर फिरता फिरता तेवढा भाग गळून गेला होता, आणि चेफाला स्वतःलाही नात समोर दिसल्यावर तो आठवेनासा झाला. यारित्झाला आयुष्यात एवढ्या बायकांनी कधी कुरवाळलं नव्हतं. तिचा राग वितळला.

"नाव काय गं आजीचं?" चेफाने जपमाळ काढली. "नावाशिवाय कसं म्हणणार?"

सगळ्या बायका बघायला लागल्या. पन्नास डोळे, सगळे ओले. बाजारातून आणलेली आहे, नाव माहीत नाही, हे सांगायची हिंमत यारित्झाला झाली नाही. तिच्या तोंडून एकच नाव निघालं, कारण तिला तेवढंच येत होतं.

"एर्मिनिया," ती म्हणाली. "एर्मिनिया बेरिओस."

बायका गुडघ्यांवर बसल्या. "हे देवा, तुझी दासी एर्मिनिया हिच्या आत्म्याला चिरशांती दे—"

संग्रहालयाचा जिना मधोमध आहे आणि त्यातून आवाज थेट वर जातो. चमच्यांपुढे उभ्या प्रोवीने नाव ऐकलं, प्रार्थना ऐकली आणि ती जिन्याकडे वळली. किसिमीतली जिवंत बाई! पंचवीस बायका एका सुरात धडधाकट माणसाचा मृत्यू मागत होत्या, आणि ते त्यांना माहीतही नव्हतं. पेन्शनला सहा आठवडे होते. जागा सोडली तर तिसरी समज. प्रोवी जिन्यावर एक क्षण थांबली, हे मी लपवणार नाही. मग साठीच्या गुडघ्यांनी जेवढं धावता येईल तेवढं धावत खाली आली.

"थांबा! गप्प बसा सगळ्या! ती बाई जिवंत आहे!"

प्रार्थना मधेच तुटली. प्रोवी गर्दीतून वाट काढत कपाटापर्यंत गेली आणि व्हिटलॉकबाईंच्या, डनलीवीच्या, कॅमेऱ्याच्या देखत पेला उचलला. तो घेऊन मोठ्या दरवाज्यातून बाहेर गेली आणि ते पाणी, त्यात पडलेल्या नावासकट, रस्त्यावर भिरकावून दिलं. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"फोन लाव आजीला," ती यारित्झाला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. सगळ्यांना ऐकू येईल असा."

फोन वाजला. चौथ्या घंटेला पलीकडून मागे कुणी तरी आकडे ओरडतंय असा आवाज आला.

"कोण आहे? लवकर बोला, माझा एकच आकडा राहिलाय."

"आजी, मी. यारित्झा."

"यारित्झा? काय गं, कोण मेलं?"

बायकांना हसू आवरेना. चेफाने फोन हिसकावला. "दोन्या एर्मिनिया, मी होलियोकहून बोलतेय. तब्येत कशी आहे?"

"गुडघा सोडला तर उत्तम. तुम्ही कोण?"

"तुमच्या पापांची क्षमा आत्ताच मागून झालीये. निम्मी, म्हणजे. बाकीची तुम्ही मागा."

"पोरीला द्या फोन," एर्मिनिया म्हणाली. यारित्झाने फोन घेतला. "दोन वर्षांनी फोन केलास गं. मागच्या खेपेला फोटो हवा होता. आता काय हवंय?"

यारित्झा प्लास्टिकच्या कव्हरावर मटकन बसली, स्वतःच्याच कलाकृतीवर, आणि हमसून हमसून रडली. आजीचा बिंगो हुकला. तिने फोन मात्र ठेवला नाही.

मंगळवारी व्हिटलॉकबाईंच्या टेबलावर तिसरी समज टाइप होऊन पडली होती. प्रोवी बिल्ला काढून हातात घेऊनच वर गेली. पण त्या समजेवर यारित्झाचं पत्र ठेवलेलं होतं. कलाकृतीत बदल केला आहे, असं त्यात होतं. सोबत नवी पाटी. प्रोवीने आयुष्यात पहिल्यांदा पाटी वाचली:

'सोमवार. साहित्य: सोफा, प्लास्टिक, टीव्ही, फोटो, ताजं पाणी, प्रोविदेंसिया कोर्देरो.'

"याचा अर्थ काय?" प्रोवीने विचारलं.

व्हिटलॉकबाईंनी डोळे मिटले. "याचा अर्थ, आमचा तिच्याशी करार आहे. प्रदर्शन संपेपर्यंत, म्हणजे मेच्या पंधरा तारखेपर्यंत, कलाकृतीतला कुठलाही भाग आम्हाला काढता येत नाही. हलवताही येत नाही."

"मला?"

"तुम्हाला."

प्रोवीने पाटी पुन्हा वाचली. "टीव्हीच्या नंतर घातलंय माझं नाव. तो चालतसुद्धा नाही."

ती खाली गेली. पेला भरला. मग तिने डनलीवीला विचारलं, "मी आता या खोलीतलं सामान आहे ना?"

"कागदोपत्री," तो म्हणाला.

"सामानाने सोफ्यावर बसलं तर?"

डनलीवीने पुन्हा छताकडे बघितलं. प्रोवी बसली. प्लास्टिक करकरलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा थॅकर संग्रहालयात तिने पाठ टेकली, पाय लांब केले, आणि शेजारच्या दालनातल्या थॅकरसाहेबांच्या पोपडे गेलेल्या नाकाकडे निवांत बघितलं. थोड्या वेळाने एक पर्यटक जोडपं आलं आणि बाईने हात पुढे केला तेव्हा डनलीवी खाकरला.

"जरा मागे व्हा," तो म्हणाला. "तिला हात लावायचा नाही."

एप्रिलअखेर पंचवीस वर्षं पूर्ण झाली. मेमध्ये खोली उतरवली गेली. सोफा यारित्झाने ठेवला, कोंबड्याचं कॅलेंडर चेफाने ढापलं. फोटो कुणाला द्यायचा हे कुणी विचारलंच नाही. यारित्झाने तो आपणहून प्रोवीच्या हातात ठेवला आणि म्हणाली, जूनमध्ये किसिमीला जाणार आहे.

घरी आल्यावर प्रोवीने फ्रिजवरची जागा पुसली. एलादियोला थोडं डावीकडे सरकवलं, बाईला उजवीकडे ठेवलं, आणि मधे संत मार्तीनची मूर्ती उभी केली, कारण एलादियोला ती ओळखून होती. मग दोन पेले भरले.

"हिचं कुणी नाही," ती त्याला म्हणाली. "नीट वाग. आणि हिचं नाव तेवढं विचारून ठेव. तुला त्याला कधी वेळ लागला नाही."